उसाच्या सिनेमाचे अभिप्राय

तारीख अकरा जानेवारी, शनिवार. दुपारी तीनचा चाचणी खेळ.

हजर: टॉकीजची व्यवस्थापक म्हणून मी, कुंदा. दारावर डॅनियल. वर मशीनच्या खोलीत नाना. शेवटच्या रांगेत सिनेमाचे निर्माते कांतीशेठ आणि त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून दिग्दर्शक समाधान. प्रेक्षक: खालचा मजला भरलेला, बाल्कनी अर्धी. मध्येच उठून गेलेले: एक बाई.

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादक म्हणाले, मनमोकळं लिहा. मला मनमोकळं लिहायचं तरी आधी कोण कोण होतं ते मांडावं लागतं. टॉकीज चालवताना लागलेली सवय आहे. खुर्ची मोडली, पडदा फाटला, भांडण झालं, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण सांगतो की तो त्या खेळाला नव्हताच.

आमची टॉकीज श्रीरामपूरच्या कडेला आहे, नेवाशाच्या रस्त्यावर. एकच पडदा. पुढं रसवंती आणि भेळेची गाडी, मागं गाड्या लावायची मोकळी जागा, आणि त्या जागेच्या कुंपणाला लागून ऊस. नवीन सिनेमे इथं लागतातच, पण गेली काही वर्षं आमच्याकडे आणखी एक काम येतं. सिनेमा सगळीकडे लागण्याआधी काही निर्माते तो आमच्यासारख्या गावात एकदा फुकट दाखवतात आणि लोकांचं मत घेतात. पुण्या-मुंबईत त्यांचा सिनेमा त्यांचे मित्र पाहतात, आणि मित्र खरं बोलत नाहीत. आमचे लोकही खरं बोलत नाहीत, हे त्यांना इथं आल्यावर कळतं.

सिनेमा कसा वाटला, हा प्रश्न मी पहिल्याच वर्षी टाकून दिला. त्याचं उत्तर ‘छान’ असंच येतं. फुकट पाहिलेल्या सिनेमाला नावं ठेवणं म्हणजे आमच्याकडे पंगतीत बसून यजमानासमोर भाजीला नावं ठेवण्यासारखं आहे. मी विचारते, पुन्हा आलात तर कुणाला घेऊन याल? ‘मित्रांना’ म्हणाला तर सिनेमा बरा. ‘आईला’ म्हणाला तर चांगला. ‘बघू’ म्हणाला तर नानानं मशीनवर कापड टाकून घरी जायला हरकत नाही. त्यानंतर विचारते, बाहेर कधी उठलात? माणूस लघवीला कुठल्या प्रसंगाला उठतो आणि कुठल्या प्रसंगाला दाबून बसतो, यात सिनेमाची अर्धी परीक्षा होते. उरलेली अर्धी मोटरसायकलींच्या रांगेत. तिथं काही विचारायचं नाही, नुसतं उभं राहायचं. किल्ली लावून झाल्यावरही माणसं गाडी सुरू न करता बोलत राहिली, की सिनेमा चालणार.

मध्येच उठून गेलेल्याचं मत सगळ्यात मोलाचं, हाही माझा एक नियम. बाकीचे बसून राहतात ते कधी कधी पंख्याखाली बरं वाटतं म्हणून. उठणाऱ्याला मात्र काहीतरी कारण लागतं. थोडक्यात, नेमका प्रश्न सापडला की उत्तर आपोआप मिळतं. माझ्या धंद्यातली सगळी विद्या एवढीच.

या विद्येनं पुष्कळदा लोकांना चकित करता आलं. एक कौटुंबिक सिनेमा होता. झाडून सगळ्या बाया डोळे पुसत बाहेर आल्या आणि निर्माता खचून माझ्या खोलीत येऊन बसला. म्हणाला, सणाच्या दिवसांत लोकांना रडवायला नको होतं. मी त्याला सांगितलं, थांबा. रडलेली बाई एकटी परत येत नाही, सासूला आणि नणंदेला घेऊन येते. तसंच झालं. उलट एका विनोदी सिनेमाला लोक खुर्च्या बडवून हसले आणि निर्मात्यानं पेढे वाटले. मोटरसायकली मात्र दोन मिनिटांत निघून गेल्या होत्या. मी पेढा खाल्ला आणि गप्प बसले.

आमचे काही कायमचे प्रेक्षकही आहेत. निवृत्त झालेले एक गुरुजी प्रत्येक सिनेमाला दहापैकी गुण देतात. साडेपाचच्या वर आजवर कुणी गेलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, वर दिले की शेफारतात.

आता समाधानचा सिनेमा. त्याला तेव्हा नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून आम्ही सगळे त्याला उसाचा सिनेमा म्हणायचो. समाधान नेवासा तालुक्यातला. शाळेत असताना एसटीनं येऊन आमच्याकडे सिनेमे पाहायचा, मला तेव्हापासून मावशी म्हणतो. सिनेमा असा: आपल्यासारखंच एक छोटं बाजाराचं गाव. रेल्वेचं फाटक, थंडीतलं धुकं, कारखान्याचा धूर, रस्त्यात सांडलेली उसाची कांडकी. मळीचा वास पडद्यावरून खाली येतोय असं वाटावं. आणि गावाभोवतीच्या उसात काहीतरी आहे. काय आहे ते कुणीच सांगत नाही. गावातली माणसं त्याला नुसतं ‘ते’ म्हणतात. आपल्याला दिसतात वारा नसताना हलणारे उसाचे शेंडे, एकदा ओली लांबडी पाठ, आणि भुंकायला हवं तेव्हा गप्प बसलेली कुत्री. बस्स.

कांतीशेठ नगरचे. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडी नगरच येतं, तेवढं समजून घ्यावं. त्यांचा फरशांचा धंदा आहे आणि हा पहिलाच सिनेमा. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

“कुंदाताई, जनावराचा सिनेमा आणि जनावर दिसत नाही. मी गिऱ्हाइकाला फरशी न दाखवता विकू का?”

त्यांनी समाधानला न सांगता कॉम्प्युटरवर एक अख्खं जनावर बनवून घेतलं होतं. दोन पायांवर उभं राहणारं, लाल डोळ्यांचं, मोठा जबडा. मला त्यांनी फोनवर दाखवलं. जत्रेतल्या पाळण्याच्या तिकीटघरावर रंगवलेलं असतं तसं दिसत होतं, पण मी मत दिलं नाही. मत देणं माझं काम नाही, गोळा करणं आहे. समाधान म्हणत होता, ते उभं राहिलं की सिनेमा आडवा झाला. मग माझं नाव काढून टाका. त्यानं चार वर्षं या सिनेमाशिवाय दुसरं काही केलं नव्हतं, लग्नाचं बोलणंसुद्धा पुढं ढकललं होतं. शेवटी असं ठरलं की श्रीरामपूरचे लोक काय म्हणतात ते पाहायचं. लोक कंटाळले तर जनावर उभं करायचं आणि समाधाननं नाव काढून घ्यायचं. नाही कंटाळले तर सिनेमा आहे तसा. निकाल माझ्या अहवालावर.

मध्यंतरापर्यंत सगळं ठीक. शेठ माझ्या खोलीत आले, चहा घेतला, फोन माझ्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि बऱ्याच आनंदात परत गेले.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. दुधाची किटली घेतलेली एक मुलगी दिवस मावळताना दोन्ही बाजूंच्या उसामधून चालली आहे. संगीत नाही. नुसती पाचटाची सळसळ. मग सळसळही थांबते. समाधाननं यावर किती महिने घालवले होते ते मला माहीत होतं. त्याला तिथं टॉकीज अशी गप्प हवी होती की कुणी गिळलेला आवंढाही ऐकू यावा.

आधी एक जण खाकरला. मग दुसरा. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, काय रे, जेवला का. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाल्कनीत मोबाईलवर भजन सुरू झालं. खाली लग्नातलं गाणं. मग तिसरं, चौथं. पडद्यावर मुलगी श्वास रोखून उभी आणि आमच्या टॉकीजमध्ये वरातीसारखा कालवा. मी दाराशी उभी होते. समाधान खुर्चीत खाली खाली सरकत गेला. शेठ पुतळ्यासारखे बसले होते. त्याच गोंधळात चौथ्या रांगेतली हिरव्या स्वेटरची एक बाई उठली आणि डॅनियलच्या दारानं बाहेर गेली. मी माझ्या कागदावर लिहिलं: उसाचा प्रसंग, गोंधळ, मोबाईल. कंटाळले असावेत.

खेळ संपल्यावर शेठनी मला गाठलं.

“गाणी लावली लोकांनी. ऐन प्रसंगाला गाणी. आता अजून काय अहवाल पाहिजे?”

मी म्हटलं, अहवाल बाहेर आहे, घेऊन येते. आणि मोटरसायकलींकडे गेले.

गाड्या उभ्याच होत्या. एकही निघालेली नव्हती. माणसं घोळक्यानं बोलत होती, आणि बोलणं असं होतं की ते वनखात्याच्या बैठकीतही शोभलं असतं. एकाचं म्हणणं, ते उसात राहतं तर तोड झाल्यावर जातं कुठं, हे सिनेमात यायला पाहिजे होतं. ऊसतोडीच्या टोळीचा एक मुकादम होता, शेवगावकडचा. तो म्हणाला, “आमची टोळी लावा. चार दिसांत फड मोकळा करतो, मग बघू कुठं दडतंय ते.” एका म्हाताऱ्या गृहस्थांना कुत्र्यांचं कौतुक वाटलं. कुत्री भुंकत नाहीत हे ज्यानं दाखवलं त्यानं खरं पाहिलेलं आहे, म्हणाले. सिनेमातल्या गावात एसटी वेळेवर येते, यावर मात्र सगळ्यांचा आक्षेप. तेवढं एक खोटं वाटलं. गुरुजींनी सहा दिले. डॅनियलला ते दोनदा विचारावं लागलं.

आणि उसाच्या वाटेचा प्रसंग? तोच सगळ्यांना सगळ्यात भारी वाटला होता. अंगावर काटा आला, पाय वर घेऊन बसलो, बायकोनं दंडाला नखं रुतवली. गाण्यांबद्दल एकही जण बोलेना. मला कळेना, मी दुसऱ्याच टॉकीजमध्ये होते की काय.

हौसाबाई आमच्या ओळखीच्या. आठवड्याच्या बाजारात भाजी विकतात. सुनेला घेऊन आल्या होत्या. मी त्यांना सरळ विचारलं, एवढी भीती वाटली तर मग गाणं कशाला लावलंत?

“म्या? म्या कुठं गाणं लावलं, ताई?”

त्यांनी कमरेची पिशवी उघडून फोन बाहेर काढला. भजन चालूच होतं, बारीक आवाजात. सून हसायला लागली. हौसाबाईंनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“अवं, उसाकडंनं जायचं म्हंजी लावायचंच की. हात गेला असंल आपसूक.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या भागात बिबट्या डोंगरात नाही, उसात राहतो. त्याची पिल्लंही तिथंच होतात. दिवस मावळायच्या वेळी उसाच्या कडेनं जायचं तर आवाज करत जायचं, हे इथं लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. दोघं असतील तर मोठ्यानं गप्पा. एकटा असेल तर काठी आपटत, खाकरत. आणि आता वनखात्याची माणसं गावोगाव सांगून गेलीत, मोबाईलवर गाणं लावा. लोक वस्तीवर पोचेपर्यंत गाणं बंद करत नाहीत.

प्रश्न सापडला होता. मी परत रांगेच्या सुरुवातीला गेले आणि प्रत्येकाला एवढंच विचारलं, त्या वाटेला तुम्ही काही आवाज केला होता का? आधी सगळे नाही म्हणाले. मग फोन तपासू लागले. मुकादम जरा ओशाळला.

“हाक मारली व्हती मी. आमच्या सख्याला.”

“सख्या कुठं बसला होता?”

“सख्या आल्ताच न्हाई सिनेमाला.”

मी हे सगळं शेठना जसंच्या तसं सांगितलं. समाधान शेजारी उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. शेठच्या चेहऱ्यावर आला नाही. म्हणाले, कुंदाताई, तुम्ही त्याची मावशी. मी नगरला लहानाचा मोठा झालो, घाबरलेला माणूस गप्प बसतो. गाणी लावतो तो कंटाळलेला. जनावर उभं करायचं, उद्याच पुण्याला कळवतो. एवढं बोलून ते तडक मागच्या दारानं गाडीकडे निघाले.

समाधान पायरीवर बसला. म्हणाला, मावशी, नाव काढायचा अर्ज कसा लिहितात ते सांग. मी म्हटलं, आधी चहा घे.

शेठची गाडी पार टोकाला होती, कुंपणाजवळ. दिवस नुकताच बुडाला होता आणि उसावर धुकं उतरायला लागलं होतं. मोटरसायकली गेल्या होत्या, जागा रिकामी. अर्ध्या वाटेत शेठची चाल मंदावली. मग त्यांनी हात कानाला लावला आणि मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.

“हां, बोला. पोचला का माल? नाही, नाही, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला.”

समाधान म्हणाला, बघ, पुण्याला लावलासुद्धा फोन.

तेवढ्यात माझ्या खोलीतून डॅनियल बाहेर आला. त्याच्या हातात शेठचा फोन होता, चार्जिंगच्या वायरसकट.

“म्याडम, शेठ फोन विसरून चाललेत.”

आम्ही तिघांनी फोनकडे पाहिलं आणि मग शेठकडे. ते अजून बोलतच होते. आता फरशांचे भाव सांगत होते, उसाला. डॅनियल पळत गेला आणि त्यांच्यापुढं फोन धरला. शेठचा रिकामा हात कानाशी तसाच होता. त्यांनी तो हळूच खाली घेतला, फोन खिशात टाकला, उसाकडे एकदा पाहिलं आणि गाडीत न बसता आमच्याकडे परत आले. माझ्याकडे पाहायचं टाळून समाधानला म्हणाले,

“त्याला बाहेर काढू नको. राहू दे उसात.” मग जरा थांबून, “त्या एसटीचं मात्र बघ.”

मी अहवालात शेवटचा अभिप्राय म्हणून हे लिहिलं नाही. लिहायची गरज उरली नव्हती.

त्या संध्याकाळी माझ्या खोलीत चहा दोनदा झाला. सगळे खुशीत. तेव्हा डॅनियलनं उठून गेलेल्या बाईची गोष्ट सांगितली. त्यानं तिला दारात विचारलं होतं, काय ताई, आवडला नाही का. ती म्हणाली होती, “शेळ्या बाहेर हायेत.” आणि पळतच गेली होती. आम्ही पोट धरून हसलो. शेठनी टेबलावर थाप मारली. सिनेमा एवढा खरा, की बाई अर्ध्यातून उठून शेळ्या आत घ्यायला घरी गेली, याहून मोठी शाबासकी कोण देणार? मीही अहवालात तो अभिप्राय सगळ्यात वर घातला. माझ्याच नियमानं, मध्येच उठणाऱ्याचं मत मोलाचं.

उन्हाळ्यात सिनेमा लागला तेव्हा पोस्टरवर तेच वाक्य होतं: ‘शेळ्या बाहेर आहेत का?’ राहात्यापासून नेवाशापर्यंत लागलं. पोरं एकमेकांना फोन करून विचारायची. लग्नाच्या पत्रिका वाटायला आलेली माणसंसुद्धा निघताना म्हणायची, चला, शेळ्या बाहेर आहेत. सिनेमा आमच्याकडे चांगला चालला, आणि उसाच्या वाटेला रोज गाणी लागली. समाधान आता तक्रार करत नाही, उलट गाणी कमी झाली की मला फोन करून विचारतो.

पावसाळा संपता संपता मी हौसाबाईंकडे मेथी घेत होते. पोस्टरचं बोलणं निघालं. मी कौतुकानं म्हटलं, त्या बाईनं बघा एका वाक्यात सिनेमा तारला. हौसाबाईंनी जुडी बांधता बांधता हात थांबवला. ती त्यांच्याच वस्तीच्या पुढं राहते.

“तिच्याकडं शेळ्या कुठं हायेत आता, ताई?”

मग त्यांनी सांगितलं. दीड-दोन वर्षांपूर्वी अशीच दिवस मावळायची वेळ होती. शेळ्या बाहेर होत्या, त्या आत घ्यायला तिची मुलगी गेली होती. घराच्या मागंच ऊस. त्यानंतर त्या घरातल्या शेळ्या विकल्या. हौसाबाई एवढंच बोलल्या आणि मेथी माझ्या पिशवीत टाकली.

मी समाधानला फोन केला. पोस्टरं काढायला सांगतो म्हणाला, आणि शेठनी एका शब्दानं हरकत न घेता काढायला लावलीही. पण वाक्य काढता येत नाही. ते अजून बाजारात ऐकू येतं. ती बाजारात येते तेव्हा तिलाही येत असणार.

तिचा अभिप्राय घेतला गेला, असं माझ्या अहवालात लिहिलेलं आहे. तो खरं तर घेतलेलाच नाही. दारातून पळताना निघालेले तीन शब्द आम्ही उचलले आणि आपल्याला हवे तसे वाचले. म्हणून हे काम मी पुन्हा यादीवर घेतलं. यादीतली बाकीची कामं होतात. बाल्कनीच्या खुर्च्या शिवून झाल्या, पाण्याची टाकी धुऊन झाली, मागच्या कुंपणापाशी दिवाही लावून झाला. वस्तीच्या वळणापर्यंत मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा दुपार होती, ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि दोन्ही वेळा मी वळणावरूनच गाडी फिरवली.

दिवाळीच्या आत जायचं असं या महिन्याच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं आहे. तिथं गेल्यावर काय विचारायचं, ती ओळ अजून कोरी आहे.